रिकामं धरण, भरलेलं धरण : पंचगंगेकाठचा एक प्रकरण अभ्यास

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीच्या आधी एक प्रश्न येतो, “राजाराम किती?” राजाराम म्हणजे कसबा बावड्याजवळचा राजाराम बंधारा. तिथं ३९ फूट झालं की इशारा, ४३ फूट झालं की धोका. हे आकडे पोराटोरांना पाठ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथलं पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर काही दिवस बेटासारखं तुटून राहिलं.

दुसरा महापूर ओसरल्यावर गावोगाव एकच वाद सुरू झाला, पूर कुणामुळं? शिरोळकडचा माणूस खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाचं नाव घेई. शहरातला माणूस राधानगरीचे दरवाजे म्हणे. करवीरच्या पूर्वेचा शेतकरी महामार्गाच्या भरावाकडं बोट दाखवी. धरणाच्या वरच्या अंगाचा माणूस शहराकडं हात करून म्हणे, “नदीच्या पोटात घरं कुणी बांधली?” २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं अतिवृष्टी आणि पात्रातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं, अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. नदीकाठच्या पुष्कळ लोकांना ते आजही पटलेलं नाही. माझ्या मते यात लोकांचा हट्ट नव्हता. हिशेब मांडताना त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं, मग उत्तर तरी आपलं कसं वाटावं?

त्यानंतरच्या एका हिवाळ्यात नदीकाठच्या एका गावात, विठ्ठल मंदिराच्या सभामंडपात आम्ही तीन बैठकी घेतल्या. वीस-बावीस माणसं होती. राधानगरीकडचे चार शेतकरी, शिरोळ तालुक्यातले पाच, उपसा पाणीपुरवठा संस्थांचे दोन सचिव, शहरातल्या नदीकाठच्या वस्तीतले एक मूर्तिकार, एक निवृत्त शाखा अभियंता, बचत गटांतल्या सहा बायका आणि आम्ही दोघं-तिघं टिपणं घेणारे. सगळ्यांनी मिळून नदीचं एक प्रतिमान, म्हणजे मॉडेल, उभं करायचं होतं. त्या तीन बैठकींत काय घडलं, ते इथं सविस्तर मांडतो.

आधी पाण्याची मांडणी समजून घेतली पाहिजे. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या शिरोळला पाचशेच्या आसपास. मधलं अंतर जेमतेम शंभर किलोमीटर. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकांच्या श्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच नद्या मिळून प्रयाग चिखलीला पंचगंगा होते. तिथून ती सपाट मुलखातनं वळणं घेत नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. घाटात पाणी धावतं, कोल्हापूरच्या खाली ते चालायला लागतं, आणि कृष्णा चढलेली असली की वाडीच्या तोंडाशी थांबून मागं फुगतं. या फुगवट्यावरच इथलं निम्मं भांडण उभं आहे.

आता आकडे. राधानगरी ८.३६ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१. पंचगंगेच्या वरच्या या चार धरणांची बेरीज १७.३१ टीएमसी होते. शेजारच्या कोयनेत १०५ टीएमसी मावतं आणि खाली अलमट्टीत १२३. म्हणजे पंचगंगेचं पाणी अडवायला आपल्या हातात तशी लहानच भांडी आहेत. आणि हे सगळं कृष्णेच्या २,५८,९४८ चौरस किलोमीटर खोऱ्याचा एक कोपरा.

अशा खोऱ्याचं गणित संगणकावर मांडता येतं आणि तज्ज्ञ ते मांडतातही. लोकांनी मिळून प्रतिमान बांधण्याची रीत थोडी निराळी आहे. तिचं एक मूळ १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत जे डब्ल्यू. फॉरेस्टर यांनी बसवलेल्या प्रणाली-गतिशास्त्रात आहे. साठा, आवक, जावक आणि त्यांना जोडणारे कारण-परिणामाचे बाण एवढंच साहित्य. नंतर पाण्याच्या तंट्यात लोकांनाच बाण काढायला बसवायचं, असे प्रयोग अनेक देशांत झाले. लास वेगासचं उदाहरण मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते शहर मीड सरोवराचं पाणी पितं. लोकांना वाटत होतं, घरातले नळ काटकसरीनं वापरले की भागेल. क्रिस्टिना स्टेव्ह या संशोधिकेनं नागरिकांपुढं साधं प्रतिमान चालवलं तेव्हा दिसलं, की घरात वापरलेलं पाणी शुद्ध होऊन सरोवरात परत जातं आणि त्याचा हिशेब शहराला वळता मिळतो. परत न येणारं पाणी अंगणातल्या हिरवळीवर जातं. नळापेक्षा हिरवळ कमी करण्यात बचत जास्त होती. हे प्रकरण २००३ मध्ये प्रसिद्ध झालं. राधानगरीकडच्या एका अण्णांनी ते ऐकून लगेच विचारलं, “मग आमची हिरवळ म्हंजे ऊस न्हवं का?” सभामंडपात कुणी काही बोललं नाही.

पहिली बैठक तरीही वाया गेली आणि दोष माझा होता. मी घरून आलेख तयार करून नेला होता. पडद्यावर रेघ वर गेली, खाली आली, लोकांनी माना डोलावल्या आणि चहा झाल्यावर पुन्हा अलमट्टी विरुद्ध राधानगरी सुरू झालं. तयार रेघेला माणूस एक तर मान देतो किंवा शिवी, तिच्यात हात घालत नाही. उठताना एक काकी म्हणाल्या, “तुमी आमाला विचारलंच न्हाई की पाणी कुठनं आत येतंय.” दुसऱ्या बैठकीला मी संगणक घरी ठेवला.

दुसऱ्या वेळी जमिनीवर मोठाले कागद चिकटवून पश्चिमेकडून पूर्वेकडं नदी काढली. डावीकडं गगनबावडा, उजवीकडं शिरोळमधला राजापूर बंधारा. त्यापुढं कागद संपला, तशी नदीही संपली. धरणांच्या जागी पराती ठेवल्या आणि पाण्यासाठी चिंचोके घेतले. एक चिंचोका म्हणजे टीएमसीचा दहावा भाग. राधानगरीच्या परातीत ८४ चिंचोके.

पहिला गैरसमज तिथंच सुटला. राधानगरीचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण भरून पाण्याची पातळी ठरावीक उंचीला गेली की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप मिटतात. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी. सातही उघडले तर दहा हजारांना चारच कमी. शाखा अभियंता साहेबांनी हे सांगितलं तेव्हा शहरातले मूर्तिकार मामा चकित झाले. रात्री कुणीतरी खोलीत बसून कळ दाबतो आणि मग आपल्या गल्लीत पाणी येतं, असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं. दरवाजा धरणातली पातळी बघतो. खाली राजारामला किती पाणी आहे, वाडीला कृष्णा चढली आहे का, हे त्याला कळण्याची सोयच नाही.

मग सातही दरवाजे उघडल्यावर दिवसात किती चिंचोके जातात, हे मोजलं. एक टीएमसी दिवसभरात सोडायचं तर ११,५७४ क्युसेक लागतात. दहा हजार क्युसेक म्हणजे दिवसाला साडेआठ-पावणेनऊ चिंचोके. शिरोळच्या एका दादांनी खाली बसून ते उचलले, राजारामच्या खुणेवर ठेवले आणि बघत राहिले. “येवढंच?” कासारी, कुंभी आणि धरणाच्या खालच्या मोकळ्या रानातनं, ओढ्या-नाल्यांतनं येणाऱ्या पाण्याची ढिगोळी शेजारी मोठी झाली होती. मुसळधार पावसात नदीत येणारं पुष्कळसं पाणी कुठल्याच दरवाज्यातनं येत नाही, ही गोष्ट दादांना स्वतःच्या हातानं चिंचोके ठेवताना दिसली. मी तासभर सांगूनही दिसली नसती.

तरीही धरणात थोडी जागा रिकामी ठेवली तर? हा प्रश्न दादांचाच. वीस चिंचोके, म्हणजे दोन टीएमसी, परातीतनं काढले. दहा हजार क्युसेक जादाचं पाणी आलं तर ती जागा साधारण ५५ तासांत भरते. सव्वादोन दिवस. महापूर थांबत नाही, पण माथ्यावरचे ते सव्वादोन दिवस बरोबर साधले तर काही गल्ल्या वाचतात. मंडळी खूश झाली. तेवढ्यात साहेबांनी विचारलं, हे वीस चिंचोके काढायचे कुठून आणि कधी? वीजगृहातनं पंधराशे क्युसेकच्या आसपास पाणी सुटतं. फक्त त्याच वाटेनं दोन टीएमसी बाहेर काढायला, वरनं एक थेंबही न येता, पंधरा दिवस लागतात. पावसाळ्यात वरनं थेंब येत नाही असं होत नाही. म्हणजे जागा करायची तर ढग दिसल्यावर धावपळ करून ती होणार नाही, धरण भरत असतानाच ती राखावी लागेल.

इथपर्यंत सगळे एका बाजूला होते. मग संस्थेच्या सचिवांनी नदीच्या काठानं पाणी उपसायच्या मोटारी मांडायला घेतल्या. फेब्रुवारी ते मे. प्रत्येक मोटारीला एक खडा. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की उपसाबंदी लागते, ठरलेले दिवस मोटारी बंद. ऊस उभा वाळायला लागतो. सचिवांनी विचारलं, ऑगस्टमध्ये वीस चिंचोके रिकामे ठेवले आणि परतीचा पाऊस आलाच नाही, तर मेमध्ये कुणाचे खडे उचलायचे?

हिशेब केला. एका पाळीला एकरी तीन इंच पाणी धरलं तर दोन टीएमसीत एक लाख ८३ हजार एकरांची एक पाळी होते. वाटेत निम्मं गळालं-उडालं धरलं तरी नव्वद हजार एकरांच्या वर. त्याच शिरोळच्या दादांनी पुन्हा खाली बसून वीसातले सात चिंचोके मुकाट्यानं परातीत परत टाकले. थोड्या वेळानं आणखी तीन टाकले. ऑगस्टमध्ये धरण रिकामं हवं म्हणणारा आणि मेमध्ये भरलेलं हवं म्हणणारा माणूस एकच होता. इतकी वर्षं तो या दोन गोष्टी दोन वेगळ्या मोर्च्यांत मागत आला होता, एकदा पूरग्रस्त म्हणून आणि एकदा ऊसकरी म्हणून. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत. पण एकाच परातीत त्या एकमेकींना लागतात, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं, आणि दुसऱ्यानं दाखवलं असतं तर ते त्यानं मानलंही नसतं. या सगळ्या उपक्रमातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला क्षण तोच. या रीतीचा खरा उपयोग अचूक आकडा काढण्यात आहे असं मला आता वाटत नाही. “दोष कुणाचा” हे भांडण “किती चिंचोके” या भांडणावर आलं. दुसरं भांडण मिटू शकतं.

बायकांच्या गटानं तर प्रतिमानातली एक मूळ गोष्टच बदलून टाकली. आम्ही ‘पूर्वसूचनेचे तास’ असा एक चौकोन काढला होता. राधानगरीचं पाणी राजारामला यायला किती वेळ लागतो, यावर आधीच वाद झाला होता. कुणी एक रात्र म्हणे, कुणी पुरता एक दिवस. साहेबांनी समजावलं की दोघंही खरं बोलतात. नदी पात्रात असली की पाणी लवकर येतं, पात्राबाहेर पडून काठच्या मळीच्या रानात पसरली की लाट मंदावते. मग त्या काकी उठल्या, “रातच्या अकराला सूचना आली तर ती सूचनाच न्हवं.” अंधारात जनावरं सोडता येत नाहीत. म्हैस पाण्यात बिथरते. वैरण कुठं न्यायची, कुठल्या पाहुण्यांकडं जागा आहे, ट्रॉली कुणाची मिळते हे सगळं उजाडल्यावर ठरतं. घरात म्हातारी माणसं असली तर आणखी चार तास धरा. २०१९ ला त्यांच्या गल्लीत लोक मागं राहिले ते सूचना न मिळाल्यामुळं नव्हे. त्यांना जनावरं सोडून जाववेना.

त्या चौकोनाचं नाव बदलून ‘उजेडातले तास’ झालं. बारा तासांची सूचना संध्याकाळी सहाला मिळाली तर तिची किंमत जवळपास शून्य, पहाटे सहाला मिळाली तर पूर्ण बारा. जगातल्या कुठल्या तयार प्रतिमानात हा चौकोन मी पाहिलेला नाही, आणि नदीकाठी गोठा असलेल्या प्रत्येक बाईला तो माहीत आहे. मूर्तिकार मामांनी त्याला आपली जोड दिली. पुराचे दिवस म्हणजे गणपतीच्या तोंडावरचे दिवस. बापट कॅम्पात शेकड्यांनी मूर्ती ओल्या असतात. ओली मूर्ती ट्रॉलीत घातली तर भंगते, ठेवली तर विरघळते. त्यांना बारा तास पुरत नाहीत, तीन दिवस लागतात. तीन दिवस आधी नेमकं कुणीच सांगू शकत नाही, म्हणून त्यांनी स्वतःच एक नियम सुचवला. राजाराम अमुक फुटांवर आणि गगनबावड्यात सलग दोन दिवस जोराचा पाऊस, एवढं झालं की सूचनेची वाट न बघता खालच्या रांगेतल्या मूर्ती हलवायच्या. पाच वर्षांत दोनदा ती मेहनत फुकट जाईल, हेही तेच म्हणाले, आणि त्यांना ते मंजूर होतं.

अलमट्टीचं काय केलं, हे सगळे विचारतात. तिथली पूर्ण पातळी ५१९.६० मीटर आहे आणि २०१० मध्ये दुसऱ्या कृष्णा लवादानं ती ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला परवानगी दिल्यापासून इकडं धास्ती आहे. आम्ही कागदावर तो वाद सोडवायला गेलो नाही. नृसिंहवाडीला कृष्णेची पातळी जितकी वर, तितका पंचगंगेचा निचरा मंद, एवढा एक बाण काढला. तो सगळ्यांना मान्य होता, कारण दत्त मंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की वरच्या गावांतलं पाणी हटेना होतं, हे पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं आहे. कृष्णा कशानं चढली, कोयनेच्या विसर्गानं, वारणेच्या, पावसाच्या की खालच्या फुगवट्यानं, तिथं चार कोरे बाण सोडले आणि प्रत्येकाशेजारी ‘मोजायचं’ असं लिहिलं. अलमट्टीवर सर्वांत तावातावानं बोलणारे तात्या याला तयार झाले. कोरा बाण त्यांना पुसलेल्या बाणापेक्षा बरा वाटला असावा.

प्रदूषणाचा विषय दोन वेळा निघाला आणि दोन्ही वेळा आम्ही तो पुरता मांडू शकलो नाही. उन्हाळ्यात नदीत वाहतं पाणी कमी, नाल्यांचं मैलापाणी तेवढंच, मासे तरंगतात. इचलकरंजीनं २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ पाहिली. शिरोळच्या एका ताई म्हणाल्या, मेमधला चिंचोका नुसता उसाचा नाही, आमच्या हंड्याचाही आहे. म्हणून परातीपासून नदीकडं एक वेगळा बाण गेला, ‘वाहतं ठेवायचं पाणी’. त्याच्यावर आकडा लिहायला कुणाचीच तयारी नव्हती, कारण तो आकडा थेट मोटारींच्या खड्यांतनं वजा होत होता. ही आमच्या कामातली मोठी उणीव आहे. बोलणाऱ्यांत मोटारवाले जास्त होते. ज्यांच्या नावावर मोटारही नाही आणि सातबाराही नाही, असे शेतमजूर आणि मासेमारी करणारे भोई तीनही बैठकींत नव्हते. दिवसाचा रोज बुडवून ते येणार कसे, याचा विचार आम्ही आधी करायला हवा होता.

तिसऱ्या बैठकीत घासाघीस झाली. वीस चिंचोक्यांवर एकमत झालं नाही, दहावर झालं. १ जुलै ते १५ ऑगस्ट राधानगरीत एक टीएमसी जागा राखावी आणि १५ ऑगस्टनंतर टप्प्याटप्प्यानं भरावी, असं मागणं मांडायचं ठरलं. एक टीएमसी म्हणजे जादाच्या पाण्याला सव्वा दिवसापेक्षा थोडी कमी उसंत. राधानगरीकडचे अण्णा शेवटपर्यंत अस्वस्थ होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जागा रिकामी ठेवली तर फायदा शहराचा आणि खालच्या गावांचा, पाऊस रुसला तर तोटा वरच्या उसाचा. “वाचलेल्यानं बुडालेल्याला काय द्यायचं, ते बी कागदावर लिवा.” शहराच्या चौकोनातनं धरणाच्या परातीकडं एक उलटा बाण काढला आणि त्यावर ‘भरपाई’ लिहिलं. रक्कम लिहिली नाही. शहराच्या वतीनं हो म्हणायला मूर्तिकार मामांखेरीज कुणी नव्हतं, आणि मामा म्हणाले, “माझ्या गल्लीपुरतं हो.”

कागद गुंडाळताना शिरोळच्या दादांनी मोबाइलवर त्याचे फोटो काढले. त्यांची बहीण कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यात नदीकाठच्या गावात दिली आहे. तिकडंही ऊस, तिकडंही पूर, आणि मेमध्ये तिकडचे लोकही वरनं पाणी कधी सुटतंय याची वाट बघतात. पुढच्या बैठकीला दाजींना आणलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. कागद राजापूर बंधाऱ्याशी संपत होता. काकींनी पुन्हा तो जमिनीवर पसरला, उजव्या कडेला आणखी एक कोरा कागद खळीनं चिकटवला आणि नदीची रेघ पुढं ओढली.